फ्रीजमधली हवा आणि उचगावची वाट

श्रीकांतनं निवृत्त झाल्यावर शाळेची एक जुनी बस विकत घेतली आणि तिच्यात घर बसवलं. दोन झोपायच्या जागा, छोटा ओटा, बेसिन, पाण्याची टाकी आणि फ्रीज. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ओळखीतले बाकीचे नवरे निवृत्तीनंतर सोसायटीच्या कमिटीवर गेले. त्यापेक्षा बस बरी, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि अजूनही बहुतेक दिवशी वाटतं.

फ्रीजबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण आमची बेळगावकडची अख्खी सफर त्याच्याभोवतीच फिरली. परदेशातून आलेली एक प्रवासी गाडी मोडीत काढणाऱ्या माणसाकडून श्रीकांतनं तो आणला. त्यात घरच्या फ्रीजसारखी मोटार नाही. गाडी उभी असली की मागच्या बाजूला गॅसची एक लहानशी ज्योत पेटवायची, आणि त्या ज्योतीच्या उष्णतेनं आत थंड व्हायचं. हे मी चुकून उलटं लिहिलेलं नाही, तो खरोखरच तसा चालतो. गाडी चालू असताना तेच काम बॅटरीवर होतं. डिसेंबरात आम्ही लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो तेव्हा त्यानं दूध, भाजी, सगळं उत्तम सांभाळलं होतं. डिसेंबरात ते आमच्या खिडकीनंही सांभाळलं असतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

या वेळी एप्रिल होता आणि बरोबर आक्का होत्या. आक्का म्हणजे श्रीकांतची थोरली बहीण. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं, आणि त्या बेळगावजवळच्या उचगावला दिलेल्या. यजमान गेल्यावर तिथं एकट्याच राहायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आमच्याकडे आल्या आणि वर्षभर राहिल्या. आता डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती. श्रीकांतचा बेत असा, की गाडीनं आरामात उचगावला जायचं, आक्कांचं घर आवरून कुलूप लावायचं, शेताची व्यवस्था त्यांच्या पुतण्याकडे सोपवायची आणि दहा-बारा दिवसांत आक्कांना घेऊन परत पुण्याला यायचं, कायमचं. आक्कांनी या बेताला कधी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. त्या फक्त "जाऊ की" म्हणाल्या होत्या.

आक्कांना मधुमेह आहे, दोन्ही वेळा इन्शुलिन लागतं. म्हणून फ्रीज महत्त्वाचा. बॅगा श्रीकांतनं भरल्या. फ्रीज मात्र आक्कांनी स्वतः भरला, आणि मला जवळ येऊ दिलं नाही.

निपाणी

कागल मागं पडलं की श्रीकांतची भाषा बदलते. पुण्यात चाळीसएक वर्षं "आहे" म्हणणारा हा माणूस कोगनोळीच्या टोलनाक्यावर "हाय" म्हणायला लागतो आणि त्याचं त्याला कळतही नाही. आक्का पुण्यातही कधी बदलल्या नव्हत्या. त्या "मी जेवलो", "मी झोपतो" असंच म्हणतात. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा सगळ्या बायका "मी आलो, मी बसतो" म्हणत होत्या, आणि माझ्या "मी आले"कडे त्या जरा नाजूक प्रकृतीच्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

निपाणीच्या बाहेर एका चिंचेखाली गाडी लावली आणि जेवणाची तयारी म्हणून मी फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यातलं दही दगड झालं होतं. कोथिंबीर हातात घेतली तर काचेसारखी मोडली. खालच्या कप्प्यातलं दूध मात्र फाटलं होतं, आणि आदल्या रात्री मी मोठ्या हौसेनं केलेलं श्रीखंड फसफसून डब्याचं झाकण वर ढकलत होतं.

आक्का पाठीमागून डोकावल्या. "शिरू, ह्यो कसला रं फ्रीज? वरच्या मजल्यावर काश्मीर आणि खाली निपाणी."

इन्शुलिनची पेटी मधल्या कप्प्यात होती. ती गोठून चालत नाही आणि तापूनही चालत नाही. मधला कप्पा काश्मीर की निपाणी, हे हातानं कळेना. श्रीकांतनं आक्कांचं ताप मोजायचं थर्मामीटर आत ठेवलं. थोड्या वेळानं काढलं तर त्यावर आकडाच नव्हता. माणसाच्या अंगात जेवढी ऊब असते त्याच्या खालचं ते यंत्र मोजतच नाही. म्हणजे फ्रीजला ताप नाही, एवढंच सिद्ध झालं.

"तुमचा शोध चालू द्या," मी म्हटलं. "मी पेटी घेऊन गावात जाते."

बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात मी सगळी हकिगत सांगितली. दुकानदार सज्जन होता. त्यानं पेटी हातात घेऊन बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, गोठलेल्या नाहीत म्हणाला, आणि आमचं जेवण होईपर्यंत ती आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतली. निघताना थर्माकोलच्या डब्यात थंड पिशव्या घालून, मध्ये कापड ठेवून पेटी बांधून दिली. "उद्या सकाळपर्यंत काळजी न्हाय," तो म्हणाला. "पन मॅडम, गाडीत फ्रीज असताना हे कशाला लागतंय?"

मी त्याला सांगितलं की हाच प्रश्न आम्हालाही पडला आहे.

जेवायला आम्ही मिसळ खाल्ली. पुण्यातली मिसळ गोडाकडे झुकते, कोल्हापूरची अंगावर येते. निपाणीची दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असेल, असा माझा भूगोल शिकवणाऱ्या बाईचा अंदाज होता. तो पहिल्याच घासाला चुकला. आक्कांनी तर्री दोनदा मागून घेतली.

काकती

संध्याकाळी काकतीजवळ एका शेताच्या कडेला मुक्काम केला. समोर डोंगर, उघडं माळरान आणि हवेत जरासा गारवा. मुक्कामाला ज्यांच्या शेतात परवानगी मागितली ते गृहस्थ म्हातारे, डोक्याला पटका, आणि सगळे त्यांना आप्पा म्हणत. ते "ऱ्हावा की" म्हणाले आणि आम्ही काय करतो ते बघायला बांधावर बसले.

दरम्यान श्रीकांतनं मोबाईलवर वाचून काढलं होतं की असा फ्रीज अगदी सपाट जागी उभा असावा लागतो. गाडी कलती असेल तर आतलं चक्र अडतं. म्हणून तो वाटीत पाणी घेऊन शेतात सपाट जागा शोधायला लागला. चार पावलं जायचं, गुडघे टेकायचे, वाटी जमिनीवर ठेवायची, वाकून पाण्याकडे एकटक बघायचं, मान हलवायची आणि पुढं सरकायचं.

आप्पा बांधावरून हे बघत होते. मग उठून अदबीनं श्रीकांतजवळ गेले.

"लागतंय काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"इथं जवळजवळ लागलंय," श्रीकांत वाटीवरची नजर न काढता म्हणाला. "त्या कोपऱ्यात अजिबात न्हाय."

"व्हय व्हय. त्या कोपऱ्यात आमी बोअर मारलेलं. कोरडं गेलं. किती खोल असंल हितं?"

श्रीकांतनं वर पाहिलं. त्याला प्रश्न कळला नाही, पण मला आणि आक्कांना कळला. आप्पा त्याला पाणाड्या समजले होते, म्हणजे जमिनीखालचं पाणी हुडकणारा माणूस. आक्का पदर तोंडाला लावून गाडीत जाऊन बसल्या. श्रीकांतनं शेवटी सांगितलं, की मी पाणी बघत नाही, फ्रीज सपाट करतोय.

आप्पांनी यावर विचार केला. "फ्रीज थंड व्हायला सपाट रान लागतंय?"

"ह्या फ्रीजला लागतंय."

"मग शेतकऱ्याचाच हाय म्हणायचा," आप्पा म्हणाले. तरीही जिथं वाटीतलं पाणी स्थिर राहिलं होतं तिथं त्यांनी जाताना एक दगड रोवून ठेवला. आम्ही नाही नाही म्हणत होतो, ते त्यांनी विनयात जमा केलं असावं.

रात्री त्यांच्या घरून जोंधळ्याच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि ताक आलं. गाडी सपाट, गॅस पेटवलेला, बाहेर गारवा. आणि सकाळी वर पुन्हा बर्फ, खाली पुन्हा कोमट. मी चहा पिता पिता म्हटलं, "थंड होतंय, पण ते वरच बसून राहतंय. आतली हवा फिरतच नाही. आत एखादा पंखा हवा."

"फ्रीजमध्ये पंखा?" श्रीकांत म्हणाला. "उद्या गीझरमध्ये शेगडी म्हणशील."

मग त्यानं मोबाईल काढला. बराच वेळ वाचत राहिला. जगभरातले बसवाले लोक नेमकं हेच करतात, असं निघालं. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला. त्यानं हे मला सांगितलं ते मात्र त्यालाच सुचल्यासारखं.

शहापूर

बेळगावात शिरलं की दुकानांच्या पाट्यांवर कन्नड मोठ्या अक्षरांत आणि मराठी, असली तर, बारीक. बोलताना मात्र लोक वाक्याच्या मध्येच भाषा बदलतात आणि रूळ बदलताना आगगाडीचा होतो तेवढाही खडखडाट होत नाही. आक्का रिक्षावाल्याशी कन्नडात भांडल्या, वाट विचारली मराठीत, आणि वाट चुकल्यावर श्रीकांतला दोन्हीत बोलल्या.

शहापूरच्या विणकरांच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान सापडलं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागं आणि आजूबाजूला यंत्रमाग. मागांचा आवाज असा की पहिल्या क्षणी आपण पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या गारांखाली उभे आहोत असं वाटतं. दुकान चालवणारी राजश्री तिशीतली, विणकरांच्या घरची सून. ती त्या आवाजात शांतपणे ओरडून बोलायची. तिला सवय होती, आम्हाला घसा बसेपर्यंत झाली नाही.

तिनं गाडीत येऊन फ्रीज पाहिला आणि पहिला सल्ला ओरडून दिला, "हा काढून टाका. नवा घ्या." श्रीकांतचा चेहरा पाहून दुसरा दिला, "मग पंखा मागच्या बाजूला लावा, ज्योतीची गरम हवा बाहेर जाईल." श्रीकांत म्हणाला, आत. ती म्हणाली, मागं. शेवटी जुन्या कॉम्प्युटरमधले दोन पंखे निघाले आणि दोन्ही ठिकाणी एकेक लावायचा ठराव झाला. इन्शुलिनची पेटी तोवर तिच्या घरच्या फ्रीजमध्ये गेली. तिच्याकडे एक थर्मामीटरही होतं, माशांच्या टाकीसाठी आणलेलं, लांब तारेचं. ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लावलं.

आतला पंखा श्रीकांतनं आधी उलटा बसवला. दार उघडलं की थंड वारा थेट तोंडावर यायचा. आक्कांना ते आवडलं, त्यांच्या मते या फ्रीजनं दिलेला हा पहिलाच उपयोग होता. मग तो सुलट केला. जेवणं झाली, दुपार झाली, दोन्ही पंखे फिरत होते. खालच्या कप्प्याचा आकडा मात्र हलायला तयार नव्हता.

"हवा जाते कुठं ते दिसायला पाहिजे," मी म्हटलं. शाळेत असताना मी मुलांना मतलई आणि खारे वारे शिकवण्यासाठी वर्गात धूर करायचे, ते आठवलं. आक्कांच्या पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली आणि उघड्या फ्रीजमध्ये पंख्यासमोर धरली.

गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि गल्ली अरुंद. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं ते असं, की बसमध्ये एक फ्रीज आहे, त्याच्यासमोर तीन माणसं हात जोडल्यासारखी वाकून बसली आहेत आणि उदबत्तीचा धूर निघतोय. पलीकडच्या घरातल्या एक आजी तबक घेऊनच आल्या. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी फ्रीजच्या दाराला हळदीकुंकू लावलं, वर एक जास्वंद ठेवली आणि राजश्रीला ओरडून विचारलं, "नवीन घेतला व्हय?"

"जुनाच आहे," राजश्री ओरडली.

"आसू दे. चालू दे म्हणावं."

धूर पंख्यातून निघाला, पुढं गेला आणि डब्यांच्या भिंतीवर आपटून परत आमच्याकडे आला. खरंच भिंत होती ती. आक्कांनी स्टीलचे डबे खालपासून वरपर्यंत असे रचले होते की मध्ये बोट जाईना. पंखा बिचारा त्या भिंतीला वारा घालत बसला होता.

"आक्का, डबे काढायला लागतील," मी म्हटलं.

"काय नको काढायला. ऱ्हाऊ दे तसंच."

"हवा जायला वाटच नाही हो."

"पंखा मोठा लाव म्हणावं."

पण श्रीकांतनं डबे काढायला सुरुवात केली होती. एकेक उघडून तो ओट्यावर ठेवत होता. मेतकूट. भाजणी. जवसाची चटणी. कारळ्याची चटणी. पुन्हा भाजणी. फ्रीजमध्ये ठेवायचं कारण नाही अशा वस्तू, आणि पाहुणी म्हणून जाणाऱ्या बाईनं न्यायचं कारण नाही एवढ्या. सगळ्यात मागं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. त्यात साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डब्या होत्या. आक्का रोज एक पट्टी वापरतात. तिथं दिवाळी उलटून जाईपर्यंत पुरतील एवढ्या होत्या.

श्रीकांत त्या डब्यांकडे बघत राहिला. मला आधी कळलं आणि मग त्याला. बॅगा तो भरणार, म्हणून त्यात आक्कांनी काही ठेवलं नव्हतं. फ्रीजकडे तो थंडाव्यापलीकडे बघणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

"आक्का, हे काय हाय?" तो मागांच्या आवाजावरून ओरडला.

"दिसतंय की."

"आपण दहा दिवसांसाठी चाललोय."

"तू चाललाईस दहा दिवसांसाठी."

"म्हणजे?"

"म्हणजे मी न्हाय येणार परत."

"का? आमी काय कमी केलं? मंजू काय बोलली?" मी काही बोलले नव्हते, पण तो इतक्या जोरानं ओरडला की मला उगीच शंका आली.

"मंजू काय बोलंल? लई केलं तुमी," आक्का ओरडल्या. "चौथ्या मजल्यावर खुर्चीत बसवून चांगलं जेवायला घातलंसा. दिवसभर कोण येत न्हाय, कोण जात न्हाय. फोन वाजला तर तोबी तुझा."

"तिथं एकटी कशी राहशील? साखर खाली गेली तर? कोण बघणार?"

आक्का त्यावर काहीतरी म्हणाल्या ते मागांच्या आवाजात गेलं. श्रीकांतनं कानाला हात लावला. त्यांनी छाती भरून घेतली, आणि नेमकी त्याच वेळी गल्लीतली वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत आक्कांचं वाक्य शहापूरच्या त्या टोकापर्यंत गेलं असेल:

"मला तुझ्या घरात मरायचं न्हाय रं, मला माझ्या घरात जगायचं हाय."

मागांवरची माणसं दारात येऊन उभी होती, वीज गेल्यावर येतात तशी, आणि सगळी वीज कधी येईल याचा विचार करत असल्यासारखी आभाळाकडे बघत होती. तबकवाल्या आजी आपल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी फक्त पदर सारखा केला. बॅटरीवरचे आमचे दोन पंखे तेवढे गुणगुणत होते.

श्रीकांतनं रिकाम्या फ्रीजचं दार लावलं. मग पट्ट्यांच्या डब्या त्यानं परत गाठोड्यात बांधल्या, नीट, गाठ मारून. राजश्रीनं चहा आणला. तो सगळ्यांना पुरेल एवढा होता, शेजाऱ्यांनाही, आणि चहाबरोबर कुंदा, बेळगावची खव्याची मिठाई. आक्कांनी कुंद्याकडे पाहिलं, श्रीकांतकडे पाहिलं आणि बशी माझ्याकडे सरकवली. एवढं तरी त्या त्याचं ऐकत होत्या.

वीज परत आली तेव्हा खालच्या कप्प्याचा आकडा उतरत होता. संध्याकाळी घरच्या फ्रीजसारखा थंडावा तयार झाला. राजश्री म्हणाली, हे मागच्या पंख्यामुळे. श्रीकांतनं एरवी तासभर वाद घातला असता. तो "असंल" म्हणाला. तेव्हा मला कळलं की त्याला फार लागलं आहे.

उचगाव

दुसऱ्या दिवशी शहापूरहून उचगावला जाताना तो आणि आक्का एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "तिला विचार, पाणी हवंय का." "त्याला सांग, पुढं डावीकडं." तो गाडी चालवत होता, आक्का पलीकडच्या खिडकीशी होत्या. मी मध्ये होते, त्यामुळे सोय झाली.

तांबडी माती सुरू झाली, भाजीचे वाफे दिसायला लागले, आणि आक्का खिडकीतून एकेक शेत ओळखत गेल्या. कुणाचा बांध सरकला, कुणी विहिरीवर नवी मोटार बसवली, कुणाची म्हैस बदलली. वर्षभरात आमच्या घरी त्या एवढं सलग बोललेल्या मला आठवत नाहीत.

घर झाडून सारवून तयार होतं. शेजारच्या सुमनबाईंनी सगळं केलं होतं. त्यांना दोन मुलगे. थोरला शेती बघतो, धाकटा बेळगावात नोकरीला, आणि धाकट्याची बायको तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. त्यांच्या बोलण्यावरून दिसलं, की आक्का राहणार, हे उचगावात सगळ्यांना माहीत होतं. पुण्यात एकाच घरात राहणाऱ्या आम्हाला तेवढं नव्हतं.

आल्या आल्या बायका गाडी बघायला जमल्या. फ्रीजच्या दारावरचं कुंकू पाहून त्यांना आमच्याबद्दल आदर वाटला. खालच्या कप्प्यातलं गार ताक मी सगळ्यांना दिलं, आणि श्रीकांतनं पंख्याचं तत्त्व समजावलं. पण त्याचं मन तिथं नव्हतं. बायका गेल्यावर तो पडवीत सुमनबाईंसमोर बसला आणि त्यानं चौकशी सुरू केली. आपल्या बहिणीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी.

"इन्शुलिन संपलं तर?"

"आमची सून आणती की बेळगावास्नं. रोज जाती-येती."

"ठेवायचं कुठं? आक्काचा फ्रीज जुना हाय."

"आमच्यात ठेवू. दाराचा वरचा खण रिकामा केलाय."

"वीज गेली तर?"

"डॉक्टरनं सांगितलंय, थोडा वेळ माठात चालतंय," आक्का आतून म्हणाल्या. वाक्य सुमनबाईंना उद्देशून होतं.

मग श्रीकांतनं मुख्य प्रश्न काढला. "एकटी असताना चक्कर आली, तर तुमाला कळणार कसं?"

"भिंतीवर काठी मारायची ठरलंय," सुमनबाई म्हणाल्या. "भिंत एकच हाय आमची."

"ऐकू येतंय का पण?"

आक्का बाहेर आल्या. भावाकडे त्यांनी पाहिलंही नाही. कोपऱ्यातली काठी घेतली आणि भिंतीवर तीनदा आपटली.

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग पावलं. सगळ्यात आधी थोरला मुलगा आला, अर्ध्या गालावर साबण आणि हातात दाढीचा ब्रश. त्याच्यामागं धाकटी, लॅबवाली सून, साखरेचा डबा घेऊन. तिच्यामागं दोन माणसं आली, ती मला शेवटपर्यंत कोण ते कळलं नाही, बहुधा वाटेवरून चालली असावीत. सगळे पडवीत येऊन थबकले आणि आक्कांकडे बघायला लागले.

"काय झालं न्हाय," आक्का म्हणाल्या. "शिरूला बघायचं हुतं."

"एवढंच व्हय," साबणवाला मुलगा म्हणाला आणि दाढी पुरी करायला गेला. सून मात्र गेली नाही. तिनं आक्कांचं मनगट हातात धरून त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि मगच साखरेचा डबा खाली ठेवला.

श्रीकांत बराच वेळ भिंतीकडे बघत बसला. आमच्या घरी भिंतीवर काठी आपटली असती तर कमिटीची नोटीस आली असती, हे मी मनात म्हटलं. त्यानं बहुधा तेच मनात म्हटलं असावं.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, माझ्यामार्फत नाही, सरळ. "मोरीचा नळ गळतोय. पाना हाय का घरात?"

"कोनाड्यात असंल बघ."

पुढचे दिवस त्यानं नळ, कड्या, बिजागऱ्या, अंगणातला दिवा, असं जे हाताला लागेल ते दुरुस्त केलं. बिघडलेलं संपल्यावर चांगलं असलेलंही केलं. कुलपाचा विषय कुणी काढला नाही. संध्याकाळी भाऊ-बहीण पडवीत बसून कधीकाळी मेलेल्या नातेवाइकांची भांडणं पुन्हा भांडायचे. मी सुमनबाईंकडून तिथल्या पद्धतीची रताळ्याची पोळी शिकून घेतली. माझी गोल होत नव्हती, तरी सगळ्यांनी खाल्ली.

निघायच्या दिवशी मी मनाची तयारी केली होती. रडारड होईल, आक्का दारात उभ्या राहतील, श्रीकांत गाडी सुरू करून पुन्हा बंद करील. गाडीत सामान ठेवून आम्ही नमस्कार करायला आत गेलो तर आक्का घरात नव्हत्या.

"रानात गेल्यात," सुमनबाई म्हणाल्या. "बांध बघून येतो म्हणाल्या. तुमी निघा म्हणालेत."

श्रीकांत दोन मिनिटं अंगणात उभा राहिला, मग गाडीत बसला. गावाबाहेर रस्त्याला लागलो तर पुढं आक्का दिसल्या. रस्त्याच्या कडेनं तांबड्या मातीतून चालल्या होत्या, एकट्या, झपझप. काठी काखेत मारलेली होती, जमिनीला लागतही नव्हती. श्रीकांतनं गाडी हळू केली आणि हलकेच हॉर्न दिला.

आक्कांनी वळून पाहिलं नाही. त्या एक पाऊल बाजूला झाल्या, काखेतली काठी काढली आणि ट्रकवाल्याला वाट द्यावी तशी पुढं हलवली. जा म्हणून.

आम्ही पुढं गेलो. बाजूच्या आरशात त्या लहान होत गेल्या. समोरून एक बाई म्हैस घेऊन येत होती, तिच्याशी त्या थांबून बोलायला लागल्या, हातवारे करून. बांधाबद्दलच असेल. श्रीकांतनं हात बाहेर काढून आरसा नीट केला. आरसा नीटच होता.